दुव्यांची सावड

‘तुमच्या साइटवर आमची लिंक द्या, आम्ही आमच्याकडे तुमची देतो.’ अशी मेल आज आली तर बहुतेक साइटवाले ती न उघडताच उडवतात. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी याच विनंतीला सवडीने उत्तर लिहिले जाई. शेतीत जिला सावड म्हणतात, त्याच जातीचा हा व्यवहार होता: आज माझे बैल तुझ्या रानात, उद्या तुझे माझ्या. पैसा मध्ये येत नाही, पण हिशेब दोघांच्या लक्षात असतो. ही सावड बिघडली कशी, हे समजायला थोडे मागे जावे लागते.

१९९१ मध्ये टिम बर्नर्स-ली यांचे वेब सर्न या युरोपीय संशोधन संस्थेच्या बाहेर सर्वांसाठी खुले झाले, तेव्हा नवी साइट सापडायची ती कुणीतरी तिच्याकडे बोट दाखवले म्हणून. १९९४ मध्ये सुरू झालेली याहूसुद्धा मुळात दोन विद्यार्थ्यांनी हाताने केलेली यादीच होती. यादीत नंबर लागेपर्यंत थांबण्यापेक्षा शेजाऱ्याला दुवा, म्हणजे लिंक, मागणे सोपे. मग ‘माझ्या आवडीच्या साइट’ असे पान प्रत्येकाकडे दिसू लागले. १९९५च्या सुमारास सेज वाइल या अमेरिकन विद्यार्थ्याने वेबरिंग उभी केली. एकाच विषयाच्या साइटची ती साखळी असे. पानाच्या तळाशी ‘मागची’, ‘पुढची’ अशी बटणे असत आणि दाबत गेलात की फिरून पहिल्या साइटवर याल. साखळीत कुणाला घ्यायचे हे ती चालवणारा माणूस स्वतः साइट पाहून ठरवी. मला ही रचना आजही फार शहाणपणाची वाटते, कारण तिच्यात वाचक कुठेच विसरला जात नाही.

१९९६ मध्ये टोनी शे आणि संजय मदन यांनी लिंकएक्सचेंज काढले आणि सावडीला पेढीचे रूप आले. आपल्या साइटवर इतरांचे दोन बॅनर, म्हणजे जाहिरातीच्या पट्ट्या, दाखवले की आपला एक बॅनर दुसरीकडे झळके, उरलेली अर्धी जागा कंपनी जाहिरातदारांना विके. १९९८ पर्यंत तिचे ४ लाखांहून अधिक सभासद झाले आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ती २६.५ कोटी डॉलरला विकत घेतली. तरी इथवर मोजायचे होते ते माणसांचे येणे-जाणेच.

खरी कलाटणी त्याच वर्षी दुसरीकडून आली. गुगलचे संस्थापक लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी पेजरँकची, म्हणजे शोधाच्या निकालांत पानांचा क्रम लावण्याच्या पद्धतीची, मांडणी प्रसिद्ध केली. शोधनिबंधाचे मोल जसे त्याला किती जणांनी आधार मानले यावरून ठरते, तसे पानाचे मोल त्याच्याकडे येणाऱ्या दुव्यांवरून ठरवायचे. त्यातही वजनदार पानाचा दुवा जास्त मोलाचा, आणि एका पानाने शंभर दुवे दिले तर त्याचे वजन शंभरांत वाटले जाणार. कल्पना विलक्षण होती, निकालही चांगले येत. पण तिचा पाया हा की दुवा देणारा मनापासून देतो. दुव्यालाच मताचे मोल आल्यावर मते गोळा करणारे निघाले.

२००० च्या डिसेंबरात गुगलने ब्राउझरला जोडायचा टूलबार आणला. कुठल्याही पानाचा पेजरँक त्यात ० ते १० या हिरव्या मोजपट्टीवर दिसे. माझ्या मते सगळ्यात मोठे नुकसान या हिरव्या पट्टीने केले. ‘तुमचा विषय माझ्या वाचकांना आवडेल’ ही भाषा मागे पडली आणि ‘माझा पाच आहे, तुमचा किती?’ ही आली. साइटच्या कोपऱ्यात एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन-दोनशे दुव्यांची पाने तयार झाली. परस्पर दुवे ओळखले जातात असे वाटू लागताच तिहेरी पद्धत निघाली: मी तुला देतो, तू तुझ्या दुसऱ्या साइटवरून मला दे. सर्चकिंग नावाची कंपनी पेजरँकच्या हिशेबाने दुवे विकण्याच्या धंद्यात उतरली. तिचा पेजरँक घसरला, तेव्हा २००२ मध्ये ती ओक्लाहोमाच्या न्यायालयात गेली. पेजरँक हे गुगलचे मत आहे आणि मत मांडायचे स्वातंत्र्य अमेरिकेच्या घटनेने दिले आहे, असे म्हणून २००३ मध्ये न्यायालयाने दावा फेटाळला.

मराठीत ही वारी वेगळ्या वाटेने गेली. मायबोली ही मराठी साइट १९९६ पासून होती. पण तेव्हाची बरीचशी मराठी पाने वेगवेगळ्या फाँटमध्ये लिहिलेली असत, आणि यंत्राला त्यांत मराठी शब्द नव्हे, रोमन अक्षरांची गिचमीड दिसे. शोधून सापडण्याचा प्रश्नच नव्हता. एका मराठी साइटवरून दुसरीकडे जायला दुवा हीच पायवाट होती. २००० नंतर युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीची एकच संगणकी लेखनपद्धत, रुळले, मराठीत लिहिणारे वाढले, तरी बाजूच्या पट्टीत इतर मराठी लेखकांचे दुवे देण्याची रीत टिकली. तो दुवा वाचकासाठीच दिलेला असे.

गुगलने वेसण हळूहळू आवळली. जानेवारी २००५ मध्ये ‘नोफॉलो’ आले: दुवा द्या, पण मत मोजू नका, असे यंत्राला सांगायची सोय. मूळ रोख प्रतिक्रियांमधल्या कचऱ्यावर होता. २४ एप्रिल २०१२ ला ‘पेंग्विन’ नावाचा क्रम लावण्यातला बदल आला आणि बनावट दुव्यांवर उभ्या असलेल्या साइट निकालांत खाली गेल्या. मग उलटी गंगा वाहिली. ज्यांनी कधीकाळी विनवण्या करून दुवा मिळवला होता, तेच ‘कृपया आमचा दुवा काढा’ म्हणून लिहू लागले. ऑक्टोबरात तर नको असलेले दुवे नाकारण्याचे साधनच गुगलने दिले.

गुगलच्या नियमांत आजही मनाई आहे ती अति देवाणघेवाणीला आणि निव्वळ दुव्यांसाठी काढलेल्या भागीदार-पानांना. एकाच गडावर लिहिणाऱ्या दोघांनी एकमेकांकडे वाचक पाठवायला कुणाची हरकत नाही. टूलबारातला आकडा २०१६ मध्ये बंद झाला. विनंतीच्या मेल मात्र थांबल्या नाहीत. आता त्यांत साइटचे वजन सांगणारे आकडे, मॉझचा ‘डीए’ आणि एएचरेफ्सचा ‘डीआर’, लिहिलेले असतात. हे आकडे खासगी कंपन्यांचे, शंभरपैकी. क्रम लावताना आपण ते वापरत नाही, असे गुगलने सांगितले आहे.