‘नक्की सांगता येत नाही’ आणि ‘काहीच सांगता येत नाही’

वाद रंगात आला की कुणीतरी म्हणतं, "अहो, शेवटी ज्याचं त्याचं मत." सगळे माना डोलावतात आणि विषय मिटतो. असं म्हणणारा माणूस समंजस वाटतो. त्याच बैठकीत दुसरा एखादा म्हणतो, "मला असं वाटतंय, पण खात्री नाही. अमुक एक कळलं तर मत बदलेन." तोही नम्रच वाटतो. दोघंही हट्टाला पेटलेले नाहीत, म्हणून आपण दोघांना एकाच माळेत ओवतो. पण पहिल्याने विचार थांबवलाय आणि दुसऱ्याने चालू ठेवलाय. हल्ली पहिल्यालाच दुसऱ्याचा मान मिळतो, हे मला खटकतं.

फरक डोळ्यांनी पाहायचा असेल तर पुण्याच्या भांडारकर संस्थेने काढलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती (जुन्या हस्तलिखित पोथ्या ताडून ठरवलेली संहिता) उघडावी. वर मोठ्या टायपात श्लोक. खाली बारीक टायपात पाठभेद, म्हणजे कोणत्या पोथीत कोणता शब्द आहे त्याची नोंद. आणि वरच्या श्लोकांत मधेच एखाद्या शब्दाखाली नागमोडी रेघ. त्या रेघेतून संपादक सांगतो की हा पाठ मी निवडलाय खरा, पण याची मला पुरेशी खात्री नाही.

मला ती रेघ फार मोलाची वाटते. हे काम १९१९ साली सुरू झालं आणि १९६६ साली पूर्ण झालं. त्यासाठी देशभरातल्या बाराशेहून अधिक पोथ्या ताडून पाहिल्या गेल्या. १९२५ पासून ही धुरा वाहणारे विष्णु सीताराम सुखटणकर १९४३ साली गेले, तेव्हा बरंच काम बाकी होतं. एवढं राबल्यावर "आम्ही छापलं तेच व्यासांचं महाभारत" असं म्हणायचा मोह कुणालाही झाला असता. सुखटणकरांचा दावा त्याहून लहान होता. हाती असलेल्या पोथ्यांवरून जितकं मागे जाता येतं, तितकं जुनं रूप.

याउलट ‘ज्याचं त्याचं मत’वाल्याची वाट सोपी होती. सगळ्या पोथ्या आपल्या परीने बरोबर म्हणायचं आणि सगळे पाठ शेजारी शेजारी छापून मोकळं व्हायचं. कुणी रागावलं नसतं. पण संपादकांनी निवड केली. गणपतीने महाभारत लिहून घेतल्याची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलोय. पुण्यात बसून, गणपतीच्या गावात, त्यांनी ती मुख्य संहितेबाहेर ठेवली, कारण पोथ्यांचा पुरावा तिला पुरेसा नव्हता. पण फेकूनही दिली नाही, परिशिष्टात छापली. वस्त्रहरणाच्या वेळी द्रौपदीने केलेला कृष्णाचा धावाही मुख्य संहितेत नाही. असा निर्णय घ्यायला धैर्य लागतं. ज्यांनी शब्दाखाली रेघ मारून आपली शंका उघड केली, तेच लोक इथे ठाम राहिले. किती खात्री आहे, हे त्यांनी शब्दागणिक वेगळं ठरवलं. शिवाय पुरावा त्याच पानावर खाली ठेवला, म्हणजे ज्याला पटत नाही त्याने तिथल्या तिथे त्यांना खोडून काढावं.

दवाखान्यातही हे दोन्ही सूर ऐकू येतात. एक डॉक्टर म्हणतात, "ताप कशाचा ते आज सांगता येणार नाही. तीन दिवस बघू, उतरला नाही तर रक्त तपासू. मधेच धाप लागली तर मात्र थांबू नका, लगेच या." दुसरे म्हणतात, "काहीही असू शकतं, शरीर आहे शेवटी." पहिल्यांना काय माहीत नाही, ते तुम्हाला नेमकं कळलं आणि पुढे काय करायचं तेही कळलं. दुसऱ्यांकडून फक्त घोर लागला.

वेधशाळेच्या अंदाजावर हसायची आपल्याकडे जुनी सवय आहे. मान्सूनच्या दीर्घ पल्ल्याच्या अंदाजाचं काम पुण्यात शिवाजीनगरच्या वेधशाळेत चालतं. २००२ साली हवामान खात्याने देशात सरासरीच्या १०१ टक्के पाऊस सांगितला होता, चार टक्के इकडेतिकडे धरून. जुलै कोरडा गेला आणि हंगाम ८१ टक्क्यांवर संपला. चूक मोठी होती आणि तिची झळ शेतकऱ्यांना लागली, ती कमी लेखायची नाही. पण आकडा आणि त्याची मर्यादा आधीच जाहीर केलेली होती, म्हणून चूक किती मोठी ते मोजता आलं. १९८८ पासून वापरात असलेलं सोळा घटकांचं मॉडेल बाजूला ठेवून २००३ साली नवी मॉडेलं घेतली गेली. "यंदा पाऊस बरा राहील, पण निसर्गापुढे कुणाचं चालतं" एवढंच कुणी सांगितलं असतं, तर ते कधीच खोटं ठरलं नसतं आणि जुनं मॉडेल तसंच चालू राहिलं असतं.

(दिवाळीच्या फराळाला आजोबांशी वाद न घालणं ही वेगळी गोष्ट. तो शिष्टाचार आहे, आणि तो पाळावा.)

समोरचा यांपैकी कोणता, हे ओळखायला मी एकच प्रश्न विचारतो: काय दिसलं तर तुमचं मत बदलेल? ‘काहीच सांगता येत नाही’ म्हणणाऱ्याकडे याचं उत्तर नसतं, आणि गंमत म्हणजे कट्टर माणसाकडेही नसतं. जयंत नारळीकरांकडे ते होतं. फलज्योतिषाला ते शास्त्र मानत नव्हते, हे सगळ्यांना माहीत होतं. ते नुसती टीका करून थांबू शकले असते, किंवा "असेल बुवा काहीतरी" म्हणून वाद टाळू शकले असते. त्यांनी सहकाऱ्यांना घेऊन चाचणी आखली. हुशार मुलांच्या आणि विशेष मुलांच्या पत्रिका एकत्र मिसळल्या, प्रत्येक ज्योतिषाला चाळीस दिल्या आणि कोणती कुणाची ते ओळखायला सांगितलं. सत्तावीस जणांनी उत्तरं पाठवली, आणि ती नाणेफेकीपेक्षा सरस निघाली नाहीत. निकाल उलटा लागला असता, तर जाहीरपणे अडचणीत आलं असतं ते नारळीकरांचं स्वतःचं म्हणणं.