वॉकीटॉकीला बाजारातली बॅटरी लावण्याआधी

गळीत हंगाम तोंडावर आला की डिस्टिलरींचे वॉकीटॉकी आमच्याकडे खोक्यांनी तपासणीला येतात. सोबत ठरलेला प्रश्न येतो: "तुमची बॅटरी एवढी महाग का? बाजारात तश्शीच पाव किमतीत मिळते, खाचेत बसते, सेट चालूही होतो." फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून देतो.

बॅटरी बसते आणि सेट चालतो, हे खरं आहे. पण त्या क्षणापासून तो सेट स्फोटजोखमीच्या जागेसाठी प्रमाणित राहत नाही. प्रमाणपत्र नुसत्या सेटला नसतं. सेट, ठरावीक मॉडेलची बॅटरी आणि ठरावीक माइक, अशा जोडणीला ते दिलेलं असतं. त्यातलं एक बदललं की पाठीवरची 'एक्स'ची पट्टी, म्हणजे स्फोटजोखमीच्या जागेत चालतो अशी खूण, खोटी ठरते आणि ऑपरेटर तिच्यावर विसंबून सॉल्व्हंटच्या पंपाशी जातो.

बरेच जण आमच्याकडे 'फ्लेमप्रूफ वॉकी' मागतात. फ्लेमप्रूफ म्हणजे मोटरची किंवा दिव्याची जाड ओतीव पेटी. आत भडका उडाला तरी ज्वाळा बाहेर येत नाही. कमरेला लावायच्या सेटला ते वजन झेपणार नाही. इथे आयएस, म्हणजे इंट्रिन्सिकली सेफ पद्धत असते: तार तुटली किंवा शॉर्ट झाला, तरी वायू पेटवण्याइतकी ऊर्जा ठिणगीत येऊच द्यायची नाही. ती ऊर्जा फार थोडी असते. प्रोपेन आणि हवेचं मिश्रण पेटायला सुमारे ०.२५ मिलिजूल पुरतात; हायड्रोजनला त्याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी.

सेटमधली सगळी ऊर्जा येते बॅटरीतून. म्हणून प्रमाणित बॅटरीत सेलला लागूनच प्रवाहाला आवर घालणारं संरक्षण बसवलेलं असतं. स्वस्त बॅटरीत ते आहे की नाही, हे बाहेरून कळायला मार्ग नाही. जास्तीचे पैसे त्या संरक्षणाचे आणि त्याच्या चाचण्यांचे आहेत.

ही पद्धत कोळसा खाणींतून आली. १९१३ साली वेल्समधल्या सेंगेनिडच्या खाणीत स्फोट होऊन ४३९ खाणकामगार दगावले. त्यानंतरच्या चौकशीत सिग्नलच्या विद्युत घंटीच्या ठिणगीवर संशय गेला. निरोप पोचवण्याचंच साधन होतं ते. म्हणून या बाबतीत आम्ही हट्टी आहोत.

गेल्या हंगामाआधी एका कारखान्याचे चौदा सेट आले. पाचांना बाजारातल्या बॅटऱ्या होत्या आणि दोन सेट मोबाइलच्या दुकानात उघडून दुरुस्त केलेले होते. बॅटऱ्या बदलून दिल्या. उघडलेल्या दोन सेटवरची एक्सची पट्टी मात्र आम्ही काढली आणि ते गेट व वजनकाट्यापुरते वापरा असं लिहून दिलं. साहेब रागावले, कारण सेट उत्तम बोलत होते. पण आतला एक भाग बदलला किंवा सील सैल झालं, तर ऊर्जेची मर्यादा टिकली आहे हे आम्ही टेबलावर सिद्ध करू शकत नाही. असे सेट उत्पादकाच्या अधिकृत केंद्राकडेच जातात आणि त्याला वेळ लागतो.

बॅटरी प्रमाणित असली तरी ती बदलायची सुरक्षित जागेतच, टाकीशेजारी उभं राहून नाही. चार्जरही कंट्रोल रूममध्येच ठेवा. सेट पडून केसला तडा गेला, तर शिफ्ट संपेपर्यंत थांबू नका, लगेच बाहेर काढा.

नवा सेट घेताना आम्ही आधी तुमच्याकडचा वायू आणि झोन विचारतो, त्याचा कंटाळा करू नका. झोन म्हणजे पेटणारा वायू जागेत किती वेळ असतो त्यावरून ठरलेला वर्ग; ० सगळ्यात धोक्याचा. 'आयबी' खुणेचा सेट झोन १ पर्यंत चालतो. टाकीच्या आत, झोन ० मध्ये 'आयए' लागतो. 'टी४' म्हणजे सेटचा पृष्ठभाग १३५ अंश सेल्सियसच्या वर तापणार नाही. बहुतेक सॉल्व्हंटना ते पुरतं. व्हिस्कोस धाग्यासाठी लागणारा कार्बन डायसल्फाइड मात्र सुमारे ९० अंशांनाच आपोआप पेट घेऊ शकतो, तिथे 'टी४' सेट आम्ही विकत नाही. भारतात अशा उपकरणांना मान्यता देणाऱ्या 'पेसो'चं मुख्यालय नागपूरला आहे. त्या मान्यतेची प्रत प्रत्येक बिलासोबत देतो, ऑडिटला तीच लागते.

तीन सेटमागे एक जादा बॅटरी ठेवली, तर रात्रपाळीत बाजाराकडे धावण्याची वेळ येत नाही. हंगामापुरत्या प्रमाणित बॅटऱ्या आम्ही भाड्यानेही देतो. यंदा सेट पाठवताना सगळ्या बॅटऱ्या, माइक आणि चार्जर एकाच खोक्यात घाला आणि कोणता सेट कुठे वापरता ते चिठ्ठीवर लिहा. चिठ्ठी असलेलं खोकं आम्ही आधी उघडतो.