कृषी अभियांत्रिकीतील एम.टेक.

बी.टेक. (कृषी अभियांत्रिकी) झालेल्यांसाठी असलेला दोन वर्षांचा, चार सत्रांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम. बी.एस्सी. कृषीशी त्याची नेहमी गल्लत होते. गावाकडे दोन्ही 'ॲग्री'च. प्रत्यक्षात इथली वाट बारावीच्या गणितातून जाते आणि पुढे पाणी, माती, यंत्र व ऊर्जा यांचा हिशेब करावा लागतो.

भारतात या विषयाचे पदवी शिक्षण 1942 साली अलाहाबादजवळच्या नैनी येथे मेसन वॉ या अमेरिकी अभियंत्याच्या पुढाकाराने सुरू झाले. पुढे 1952 मध्ये खरगपूरच्या आयआयटीत स्वतंत्र विभाग निघाला. महाराष्ट्रात राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली येथील कृषी विद्यापीठांत हा विषय शिकवला जातो. राहुरीच्या महाविद्यालयाला माजी केंद्रीय कृषी राज्यमंत्री अण्णासाहेब शिंदे यांचे नाव आहे. राज्याबाहेर जायचे तर भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची प्रवेश परीक्षा द्यावी लागते, आयआयटीसाठी 'गेट' ही अभियांत्रिकीची राष्ट्रीय परीक्षा. गेटमध्ये या विषयाची 'एजी' ही वेगळी प्रश्नपत्रिका असते.

प्रवेश घेतानाच शाखा ठरते: कृषी यंत्रे व शक्ती, मृद व जलसंधारण, सिंचन व निचरा, कृषी प्रक्रिया, किंवा अपारंपरिक ऊर्जा. पहिले वर्ष बहुतेक वर्गात आणि सेमिनारमध्ये जाते. खरी कसोटी प्रबंधाची, आणि तिथे वेळापत्रक मार्गदर्शकाच्या हाती नसते, पावसाच्या हाती असते. मेकॅनिकलचा विद्यार्थी बिघडलेला प्रयोग पुढच्या आठवड्यात पुन्हा लावतो. इथे उतारावरच्या प्लॉटमधून वाहून जाणारे पाणी आणि माती मोजायची असेल, तर खरीप हुकला की वर्ष गेले. दोन वर्षांच्या पदवीत असे किती खरीप हाताशी लागतात, हे बोटावर मोजता येते.

नांगराची ओढ, म्हणजे तो ओढायला लागणारा जोर, मोजण्याचे उदाहरण घ्या. दोन ट्रॅक्टर लागतात. अवजार मागच्या ट्रॅक्टरला जोडतात आणि तो न्यूट्रलमध्ये ठेवतात. पुढचा ट्रॅक्टर त्याला ओढतो. दोघांच्या मध्ये जोर मोजणारा डायनॅमोमीटर. एकदा अवजार जमिनीत घालून आणि एकदा उचलून नोंद घ्यायची. दोन्हींतला फरक म्हणजे ओढ. कागदावर हे अर्ध्या दिवसाचे काम. पण काळी जमीन ओली असली की फाळाला चिकटते आणि सुकली की दगड होते, म्हणून वाफशाची, म्हणजे मशागतीजोगत्या ओलीची, वाट पाहायची. वाफसा आला त्याच दिवशी ट्रॅक्टर विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर पेरणीला गेलेला असणार, हे गृहीत धरलेले बरे.

या कामातून शेतापर्यंत काय पोचते? अकोल्याच्या विद्यापीठाने विकसित केलेली पीकेव्ही मिनी दाल मिल हे सर्वांत ठळक उत्तर. गावातली तूर गावातच भरडता यावी, हा तिचा हेतू. राहुरीने पिकाला पाणी कधी आणि किती द्यायचे ते सांगणारी 'फुले जल' व 'फुले इरिगेशन शेड्युलर' ही मोबाइल ॲप काढली. बरेच प्रबंध मात्र ग्रंथालयाच्या कपाटापलीकडे जात नाहीत. बनवलेले यंत्र प्रयोगशाळेत चालले की पदवी मिळते. त्याची किंमत दोन एकरवाल्याला परवडते का, हा प्रश्न तोंडी परीक्षेत क्वचितच टोकदारपणे विचारला जातो.

परदेशात या विषयाची पाटीच बदलली आहे. अमेरिकेतील आयोवा स्टेट विद्यापीठात हा विभाग 1905 पासून आहे. आज त्याच्या नावात 'कृषी'शेजारी 'बायोसिस्टिम्स' आहे. 1907 मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकेतील कृषी अभियंत्यांच्या संस्थेनेही 2005 मध्ये आपल्या नावात 'बायोलॉजिकल' हा शब्द घेतला. ट्रॅक्टरच्या जोडीला जैवइंधन, अन्नप्रक्रिया, डुकरांच्या गोठ्यातली हवा, शेणखताचे व्यवस्थापन असे विषय आल्यावर जुने नाव अपुरे पडू लागले होते. इथून बी.टेक. करून तिकडे एम.एस.ला जाणाऱ्यांना संशोधन सहायकाचे काम मिळाले तर शिक्षणाचा मोठा भार हलका होतो.

पदवीनंतर ठिबक आणि ट्रॅक्टर कंपन्या, पाणलोटाची कामे, बँका, अन्नप्रक्रिया उद्योग अशा वाटा आहेत. एम.टेक.च्या बळावर विद्यापीठात शिकवायचे तर 'नेट' ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा हवी. पुष्कळजण मात्र एम.टेक. करता करताच एमपीएससीचा अभ्यास धरतात, आणि महाराष्ट्र कृषी सेवेच्या परीक्षेत कृषी अभियांत्रिकीला किती स्थान मिळावे यावर विद्यार्थ्यांची नाराजी अधूनमधून उफाळून येते.