टोकायची बुरशी

हंगेरीच्या ईशान्य कोपऱ्यात बोद्रोग नदी तिसा नदीला मिळते, तिथे टोकाय हे जुनं गाव आहे. वस्ती जेमतेम चार-पाच हजारांची. पाठीशी विझलेल्या ज्वालामुखीचा एकटा डोंगर, पायाशी संगम. भोवतालच्या 27 गावांचा द्राक्षपट्टा याच गावाच्या नावाने ओळखला जातो. 1737 मध्ये राजाज्ञेने त्याची हद्द आखली गेली, 2002 मध्ये युनेस्कोने तो जागतिक वारशात घेतला, आणि हंगेरीच्या राष्ट्रगीतातही टोकायच्या वेलींचा उल्लेख आहे. हा सगळा मान मिळवून दिला ‘ऑसू’ नावाच्या गोड वाइनने. आणि ऑसू होते ती बुरशी लागलेल्या, सुकून तपकिरी पडलेल्या द्राक्षांची!

बुरशीचं नाव बोट्रायटिस सिनेरिया. फ्रिजमध्ये चार दिवस विसरलेल्या स्ट्रॉबेरीवर जी राखाडी लव दिसते ती बहुधा हीच. शेकडो प्रकारच्या वनस्पतींना ती छळते आणि जगभरचे द्राक्ष बागायतदार तिच्यावर फवारण्या मारतात. टोकायचा शेतकरी मात्र ऑक्टोबरात तिची वाट बघत बसतो. बुरशी तीच असते, वेगळं असतं ते तिथल्या दिवसाचं वेळापत्रक.

शरद ऋतूत रात्री हवा गार होते, नद्यांचं पाणी त्या मानाने उबदार राहतं. पहाटे पाण्यावर धुकं धरतं आणि उतारांवरच्या बागांत शिरतं. मण्यांवर ओल येते, बुरशीचे बीजाणू रुजतात, त्यांचे तंतू सालीत घुसतात. त्यांतून झिरपणारी एन्झाइम्स सालीच्या पेशींना जोडून ठेवणारं पेक्टिन विरघळवतात आणि साल न फाटता आतून सच्छिद्र होते. दुपारी ऊन पडतं, वारा सुटतो, धुकं विरतं. ओल गेल्यामुळे बुरशीचा जोर ओसरतो, पण तिने पाडलेल्या छिद्रांतून मण्यातलं पाणी उडत राहतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा धुकं, पुन्हा ऊन. असं काही आठवडे चाललं की मणी आक्रसतो आणि आतला रस घट्ट होतो. उत्तरेचे थंड वारे झेम्प्लेनचे डोंगर अडवतात, त्यामुळे ही उघडीप लांबते.

यातला एक जरी दुवा निसटला तरी सगळं बिनसतं. पाऊस लागून राहिला तर बुरशीला उसंत मिळत नाही, मणी तडकतात, त्यांत आंबट वास धरणारे जिवाणू आणि इतर बुरशा घुसतात आणि घडच्या घड सडतो. धुकंच पडलं नाही तर मणी सुकतात खरे, पण तो झाला बेदाणा. गोडी वाढते, बुरशीची करामत त्यात नसते.

ही करामत नुसती पाणी काढण्यापुरती नाही. बुरशी मण्यातली थोडी साखर खाते, टार्टारिक आम्ल त्याहून आवडीने खाते आणि बदल्यात ग्लिसरॉल व ग्लुकॉनिक आम्ल मागे ठेवते. अशा वाइनमध्ये सोटोलोन नावाचा रेणूही सापडतो. मेथीदाण्यांचा ओळखीचा वास मुख्यतः त्याच्यामुळेच येतो. फुर्मिंट ही इथली मुख्य जात मुळात चांगलीच आंबट, म्हणून एवढ्या साखरेतही वाइन मिट्ट गोड लागत नाही.

असे मणी एका घडावर एकाच वेळी तयार होत नाहीत. मजूर बागेतून पुन्हापुन्हा फिरतात आणि एकेक मणी हाताने वेचतात. पूर्वी वाइनची प्रत पाट्यांवर मोजत: अशा मण्यांची सुमारे 25 किलोची पाटी म्हणजे ‘पुत्तोन्य’, आणि 136 लिटरच्या पिंपभर रसाला किंवा साध्या वाइनला अशा तीन ते सहा पाट्या. आता हिशेब साखरेचा, लिटरला किमान 120 ग्रॅम.

वेचलेले मणी हौदात नुसते रचून ठेवले तरी स्वतःच्याच वजनाने त्यांतून थोडा रस पाझरतो. ही एसेन्सिया. लिटरमागे निदान 450 ग्रॅम साखर, धार मधासारखी. एवढ्या साखरेत यीस्टचा जीव गुदमरतो, कारण साखर त्याच्या पेशीतलं पाणीच ओढून घेते. मोरंबा वर्षभर टिकतो तो याच न्यायाने. एसेन्सिया वर्षानुवर्षं संथपणे आंबत राहते, तरी तिच्यात अल्कोहोल बहुधा पाच टक्क्यांच्या आतच राहतं. अशा पाकात तगणारं एक यीस्ट माथियास सिपित्स्की या हंगेरियन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने 2003 मध्ये नवी जाती म्हणून नोंदवलं आणि डोंगरांवरून त्याला कँडिडा झेम्प्लिनिना नाव दिलं. बहुतेक यीस्ट आधी ग्लुकोजवर तुटून पडतात, याला फ्रुक्टोज अधिक प्रिय. पुढे वर्गीकरणात त्याचं नाव बदललं आणि झेम्प्लेन त्यातून गेलं, हे मला थोडं खटकतं.

तळघरांत आणखी एक बुरशी भेटते. ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेल्या मऊ खडकात खोदलेल्या या बोगद्यांत बारा महिने दहा-बारा अंश तापमान आणि भिंती ओलसर. त्यांवर काळपट, मखमली थर चढलेला असतो. ही झास्मिडियम सेलारे. लाकडी पिंपांतून उडणाऱ्या अल्कोहोलच्या वाफांवर ती जगते. वाइनला तिचा त्रास नाही, म्हणून तिला कोणी खरवडून काढत नाही.

ऑसूचा शोध कसा लागला याची कथा सगळीकडे सांगितली जाते. सतराव्या शतकात शत्रूच्या स्वारीच्या भीतीने काढणी लांबली, मणी सुकले, आणि सेप्शी लात्स्को माते या धर्मोपदेशकाने त्यांची वाइन केली. कथा छान आहे, पण 1571 च्या एका दस्तऐवजात ऑसू वाइनची नोंद सापडली आहे. तेव्हा माते यांच्याआधीच कुणीतरी हे करत होतं. एकाच्या डोक्यातून निघालेली युक्ती म्हणण्यापेक्षा, सुकलेले मणी वाया न घालवणाऱ्या अनेक हातांचं ते काम असावं असं मला वाटतं.

बुरशी दर वर्षी मनासारखी येत नाही आणि ती येईल म्हणून घड वेलीवर ठेवणं हा जुगार आहे. म्हणून गेल्या वीस-पंचवीस वर्षांत अनेक बागायतदार फुर्मिंटचा काही भाग निरोगी असतानाच उतरवतात आणि त्याची गोडवा नसलेली, कोरडी वाइन करतात. उरलेले घड धुक्याच्या भरवशावर वेलीवरच राहतात.