सावली निळी नव्हतीच!

परवा सोलापुरात एका चित्रप्रदर्शनाला गेलो होतो. कोलकात्याजवळच्या शिवपूर वनस्पती उद्यानातल्या त्या अवाढव्य वडाचं तैलचित्र होतं. (त्याचा मूळ बुंधा १९२५ सालीच काढावा लागला, झाड उभं आहे ते पारंब्यांच्या जिवावर.) शेजारी उभे असलेले गृहस्थ म्हणाले, "बाकी झकास, पण सावली कधी निळी असते का हो?"

असते की. सावलीत ऊन पोचत नाही, आभाळाचा उजेड पोचतो. हवेचे रेणू ४५० नॅनोमीटरचा निळा प्रकाश ६५० नॅनोमीटरच्या तांबड्यापेक्षा चौपटीहून जास्त विखुरतात. म्हणून आभाळ निळं, आणि उघड्यावरची सावलीही निळसर.

पण इथली गंमत वेगळीच निघाली. माहितीपत्रकाला पेनाने भोक पाडलं आणि त्यातून फक्त सावलीचा तुकडा पाहिला. निळा गायब! चुलीतल्या राखेसारखा करडा. पत्रक बाजूला केलं की पुन्हा निळा. चित्रकाराने तिथे निळा लावलाच नव्हता. वाटेवरची पिवळी-नारिंगी माती मात्र सढळ हाताने रंगवली होती.

डोळ्यात रंग टिपणाऱ्या तीन प्रकारच्या पेशी, म्हणजे शंकुपेशी, असतात. त्यांचे संदेश मेंदूकडे सुटे जात नाहीत, त्यांची वजाबाकी होऊन जाते: तांबडा की हिरवा, पिवळा की निळा. त्यात शेजारशेजारचे संदेश एकमेकांना दाबतात. भोवती पिवळ्याचा जोर असला की मधल्या करड्यातला पिवळा दबतो आणि काटा निळ्याकडे झुकतो.

हे ठळकपणे लक्षात आलं ते सूत रंगवणाऱ्यांच्या कामात. मिशेल शेव्रल हे रसायनशास्त्रज्ञ १८२४ पासून पॅरिसच्या गोबलँ या चित्रपडदे विणणाऱ्या कारखान्यात रंगाईचे प्रमुख होते. तक्रार यायची, काळं सूत फिकं दिसतं. तपासलं तर काळा चोख होता, शेजारचा निळा-जांभळा त्याला पाडत होता. यावरचा त्यांचा ग्रंथ १८३९ साली आला.

प्रदर्शनात एकजण सांगत होता, हिरवं चित्र पूर्वेच्या भिंतीवर लावा, लक्ष्मी येते. समोर पश्चिमेची खिडकी असेल तर संध्याकाळचं पिवळं ऊन येईल, एवढं नक्की.

घरी येऊन हे सगळं शेजारच्या काकांना सांगितलं. त्यांची उभी हयात चादरींच्या सुताच्या रंगाईत गेलेली. काही न बोलता त्यांनी पलंगावरची चादर ओढली, काळ्या पट्टीलगतची निळी पट्टी तळहाताने झाकली आणि म्हणाले, "आता बघ काळा."