२४० अंशांचा कोन विशालकोन नव्हे

‘काटकोनापेक्षा मोठा तो विशालकोन’ ही व्याख्या पिढ्यान्‌पिढ्या पाठ होत आलीय, आणि ती अर्धवट आहे. विशालकोन ९० अंशांच्या पुढे सुरू होतो खरा, पण १८० च्या आधीच संपतो. बरोबर १८० म्हणजे सरळ कोन. त्याच्या पुढे, ३६० च्या आत, प्रविशाल कोन.

घड्याळात चार वाजलेत असं धरा. काट्यांमध्ये एका बाजूने १२० अंश, म्हणजे विशालकोन. दुसऱ्या बाजूने फिरून मोजलं तर २४०, म्हणजे प्रविशाल. काटे मात्र तेच!

गोंधळाचं मूळ बहुधा कंपासपेटीतल्या अर्धगोल कोनमापकात असावं, त्यावर १८० च्या पुढे आकडेच नसतात. अशा वेळी लहान बाजूचा कोन मोजायचा आणि ३६० मधून वजा करायचा.