हिवाळी राजवाड्यात तेव्हा झार नव्हताच

‘ऑक्टोबर १९१७ मध्ये लेनिनच्या बोल्शेविक पक्षाने हिवाळी राजवाड्यावर चाल करून झारला सिंहासनावरून खाली खेचलं’ हे वाक्य आपण शाळेपासून ऐकत आलोय. ते चुकीचं आहे.

रशियाचा झार दुसरा निकोलस मार्च १९१७ मध्येच पायउतार झाला होता. ऑक्टोबरमध्ये तो कुटुंबासह दूर सायबेरियात, तोबोल्स्कला नजरकैदेत होता. मुळात त्याचं बिऱ्हाड पेत्रोग्राडच्या (आजच्या सेंट पीटर्सबर्गच्या) या राजवाड्यातून केव्हाच हललं होतं. १९०५ पासून हे कुटुंब शहराबाहेर, त्सारस्कोये सेलोच्या अलेक्झांडर राजवाड्यात राहत होतं. हिवाळी राजवाडा उरला तो समारंभांपुरता. १९०६ मध्ये पहिल्या दूमाच्या, म्हणजे रशियन संसदेच्या, सदस्यांचं स्वागत तिथेच झालं.

मग १९१७ मध्ये आत होतं कोण? ही गोष्ट फारशी कुणी सांगत नाही, याची खंत वाटते. ऑक्टोबर १९१५ पासून तिथल्या भव्य दालनांत जखमी सैनिकांचं इस्पितळ होतं. जिथे नाच-मेजवान्या व्हायच्या, तिथे खाटांच्या रांगा लागल्या. त्याला युवराज अलेक्सेईचं नाव दिलेलं होतं. हल्ल्याच्या रात्रीही रुग्ण आणि परिचारिका आतच होत्या.

जुलै १९१७ पासून, झार गेल्यावर सत्तेवर आलेलं हंगामी सरकारही तिथेच बसू लागलं. पंतप्रधान केरेन्स्की तर राहायचाही तिथेच, पण हल्ल्याच्या दिवशी सकाळीच तो मदतीची कुमक आणायला शहराबाहेर पडला होता. मागे राहिलेल्या मंत्र्यांना मध्यरात्रीनंतर एका छोट्या भोजनगृहात अटक झाली. बोल्शेविकांनी उलथवलं ते हे सरकार.